सात टँकर आणि दाजींची विहीर

ती. शहादेव दाजी यांच्या पायांवर नांदूरघाटहून पंडितचं डोकं.

गुडघा आता कसा आहे? आक्का बरी ना? भर दुष्काळात, तळहातावर नारळ उभा करून तुम्ही दाखवलेल्या जागी खणलेल्या तुमच्या कोरड्या विहिरीला दीड परस पाणी आलं, आणि लिंबागणेशात हलगी लावून तुमची मिरवणूक निघाली, असं कळलं. लई आनंद झाला.

इकडं माझी मात्र गंमत झाली. आमची दूध संस्था यंदा टँकरही सोडते, आणि कोणता टँकर कोणत्या गावी हे माझा प्रोग्राम ठरवतो. त्यात दोन फायली, एक गावांची, एक टँकरांची. दोन्हींत स्टॅटिक व्हेरिएबल (म्हणजे प्रोग्राम सुरू व्हायच्या आधीच आपापली किंमत घेऊन पंगतीला बसणारी मंडळी). टँकरानं गावांना विचारायचं, मला कुठं जायचंय? पण आधी कुणी बसायचं, हे मी कुठं लिहिलंच नव्हतं. जुना कंपायलर (माझं लिहिणं मशीनला समजावणारा दुभाष्या) सवयीनं गावं आधी बसवायचा. चार वर्षं सुरळीत चाललं आणि मी ती माझी हुशारी समजत होतो. मंगळवारी नवा कंपायलर घातला, त्यानं टँकर आधी बसवले! गावं अजून यायचीच होती, म्हणून सातही टँकरांपुढं शून्य पडलं. प्रोग्रामात एक अक्षर बदललं नव्हतं, दाजी, देवाशपथ! आता शून्य नंबरला काय होतं? चाचणीपुरतं मीच कधीकाळी टाकलेलं नाव: 'दाजींची विहीर, लिंबागणेश'. तुम्ही त्या दिवशी सिरसाळ्याला कुणाची तरी जागा बघायला गेला होता.

मला हसू आवरेना, आणि हसायचीही चोरी. सात गावांच्या बाया रिकाम्या घागरी घेऊन संस्थेच्या दारात बसल्या, त्याची मात्र खरंच लाज वाटली. चेअरमन सुंदरराव म्हणाले, "दाजीच्या हिरीत सात टँकर वततोस, अन् वर मशीनची चूक हाय म्हनतोस?" मी त्यांना दोन्ही फायली नीट समजावल्या. ते जास्तच भडकले. आता दुरुस्ती केली आहे. कुणी विचारलं की गावं आधी पंगतीला बसतात, मगच उत्तर देतात.

आपला,
पंडित

ता. क. सोमवारी दुपारी संचालकांची बैठक आहे. 'विहिरीतलं पाणी टँकरचं, मला ठाऊक नव्हतं' एवढं लिहून, सही करून कुणाच्या तरी हाती पाठवा, नाहीतर माझी नोकरी जाते. नारळाचं नाव काढलं नाही तरी चालेल.

दुसरा ता. क. पाणी पोचल्याच्या सातही चिठ्ठ्यांवर सही आक्काची आहे. काल फोन केला तर म्हणाली, "त्यांचा नारळ बारा सालात पयल्यांदा खरा ठरलाय रं. सोमवारपस्तोर तरी मिरवू दे." तेव्हा कृपा करून हे पत्र सोमवारी सकाळीच फोडा.