येते

मुलुंड, ४ ऑगस्ट १९६८

ति. सुहासिनीआत्यास,
वसुधाचा शि. सा. न.

तिसरा नकार आला. टायपिंग बरं झालं होतं, पण साहेबांनी इंग्रजीत स्वतःबद्दल बोलायला सांगितलं आणि माझी दातखीळ बसली. कॉलेजात चार वर्षं नोट्स पाठ केल्या, पण तोंड उघडायचा पेपर कधी नव्हताच. अण्णा म्हणतात, दिवाळीपर्यंत नोकरी लागली तर ठीक, नाहीतर चिपळूणचं स्थळ पक्कं करतो. आत्या, मला इतक्यात लग्न नाही गं करायचं. तू एवढी वर्षं फोर्टात स्टेनो आहेस, मला शिकव ना.

लोभ आहेच, माझ्या नकारांनी तो कमी होऊ देऊ नकोस.
तुझी वसुधा

अंधेरी, ७ ऑगस्ट

चि. वसुधास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रडगाणं पुरे. रोज इंग्रजी पेपरातली एक बातमी मोठ्याने वाच, मग पेपर मिटून तीच तुझ्या आईला इंग्रजीत सांग. तिला कळणार नाही, म्हणजे तुला लाजायचं कारण नाही. रविवारी इकडे ये, तुझे काका साहेब होऊन प्रश्न विचारतील.

आणखी एक. आमच्याकडून निघताना तू मांजरासारखी सटकतेस. साहेबासमोर तसं चालायचं नाही. उठल्यावर दोन शब्द बोल, मगच दाराकडे वळ.

अण्णांशी वाद घालू नकोस. वहिनीस नमस्कार.
तुझी आत्या

मुलुंड, १४ सप्टेंबर

ति. आत्यास, शि. सा. न.

वाट लागली. बॅलार्ड इस्टेटच्या म्हाताऱ्या पारशी साहेबांसमोर सगळं नीट बोलले. मग उठताना तुझे दोन शब्द आठवले. आपण निघताना ‘जाते’ थोडंच म्हणतो? ‘येते’च म्हणतो, आणि तेच इंग्रजी होऊन बाहेर पडलं. ‘आय ॲम कमिंग, सर’ म्हटलं आणि चालती झाले.

जिना उतरते तोच शिपाई धावत आला. मी परत येणार म्हणून साहेब पुढच्या मुलीला आत घेईनात! वर जाऊन मला ‘येते’ची सगळी कथा इंग्रजीत सांगावी लागली: ‘जाते’ अशुभ का, आई दारातून ओरडते का, सगळं. ते ऐकत राहिले, हसलेही नाहीत. आता अण्णांनी दिवाळीची वाट न पाहता चिपळूणला लिहायला घेतलंय.

रागावलीस तरी माया असू दे.
तुझी वसुधा

मुलुंड, २४ सप्टेंबर

ति. आत्यास, शि. सा. न.

एक तारखेपासून रुजू व्हायचं आहे! नेमणुकीच्या पत्राखाली साहेबांनी स्वतःच्या हाताने लिहिलंय, की येते म्हणाला होतात, तर आता या. अण्णांनी ती ओळ दोनदा वाचली आणि चिपळूणला लिहायला घेतलेलं पत्र फाडून टाकलं.

तुझीच वसुधा

अंधेरी, २६ सप्टेंबर

चि. वसुधास, अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचून मी रडले आणि काकांना चहा बिनसाखरेचा दिला. अगं, ती कथा सांगितलीस तीच तुझी खरी मुलाखत. आता ऑफिसात निघताना काय म्हणायचं ते रविवारी येऊन शीक.

घरी मात्र बदलू नकोस. एक तारखेला अण्णा पेपरामागे तोंड लपवून बसतील, मी माझ्या भावाला ओळखते. त्यांच्यासमोर उभी राहा आणि मोठ्याने ‘येते’ म्हण. ते ‘ये’ म्हणेपर्यंत उंबरा ओलांडू नकोस.

तुझी आत्या