धम्मशीलाची पांढरी पूड

१९ ऑगस्ट

धम्मशीलाने आज पुस्तकांचा अख्खा खोका एकटीने उचलून कपाटावर ठेवला. शिपाई भगवानराव नुसते बघत उभे! आम्ही दोघी सेहेचाळीसच्या. पाथरीच्या शाळेत एकाच संघात कबड्डी खेळलो. आता दोघी एकाच शाळेत शिकवतो; मला जिना चढतानाच धाप लागते, आणि ती — मुलींच्या संघाची कोच!

मग पर्समधून डबी काढली. चमचाभर पांढरी पूड पाण्यात ढवळून घटाघटा प्यायली. क्रिएटिन म्हणे, व्यायाम करणारे घेतात.

"सुके, तुला बी आणू का?"

नको म्हटलं.

२० ऑगस्ट

हे जेवताना म्हणाले, "धम्मशीलाबाई लय फिट दिसायल्यात. तुझ्याच वयाच्या ना?"

यांना दुसऱ्यांदा आमटी वाढली नाही.

२३ ऑगस्ट

धम्मदीपला फोन केला. माझा भाचा, परभणीत डॉक्टर. खरं सांगायचं तर काहीतरी वाईट ऐकायलाच केला.

"मावशी, ते स्टेरॉइड नाही. शरीर स्वतः बनवतं, मटण-मासळीतूनही मिळतं. निरोगी माणसाची किडनी चमचाभराने जात नाही. रक्ताच्या तपासणीत एक आकडा थोडा वाढतो, त्यालाच लोक भितेत. किडनीचा आजार आधीच असेल, तर मात्र विचारल्याशिवाय नको."

केस गळतात? — "सिद्ध झालेलं नाही." मिशा येतात? — तो इतका हसला! मग म्हणाला, "नुसती पूड पिऊन काही होत नाही गं. मेहनत करावी लागते."

हे शेवटचंच लागलं. ताकद पुडीची असती, तर तिची नसती ना!

२५ ऑगस्ट

भिवराबाई शाळेत आल्या. मेंढरांमागे फिरणारं घर. त्यांची विजयमाला नववीत, संघातली सगळ्यात चपळ पोर.

"बाई, त्या कोचबाई कायतरी पूड पितेत म्हणं. माझ्या पोरीला बी पाजतेत का? मिशा येत्यात म्हणं!"

मला ठाऊक होतं. धम्मशीला मुलींना डबीला हातसुद्धा लावू देत नाही — "तुमच्या वयाला भाकर, डाळ, अंडी. बस!"

भिवराबाईच पुढे म्हणाल्या, "व्यापारी बाजाराच्या आदी मेंढराला मीठ चारून पाणी पाजतो. काट्यावर वजन भरतं. कापलं की नुसतं पाणी! तसलंच असंल हे."

मी म्हटलं, "मला काय माहीत बाई. पण या वयात तब्येत अशी एकदम कशी सुधारते, तुम्हीच बघा."

किती मऊ आवाजात बोलले मी!

२६ ऑगस्ट

विजयमाला सरावाला आली नाही.

२९ ऑगस्ट

आणखी तिघी गेल्या. राहिल्या पाच. मुख्याध्यापक म्हणाले, "पालकांची कुरकुर वाढायलीय मॅडम. पुढच्या शनिवारी जिल्ह्याची निवड. सात मुली भरत नसतील तर नाव काढून घेऊ."

धम्मशीला दुपारी माझ्याजवळ येऊन बसली. जेवणाचा डबा उघडलाच नाही. "कोण उठलंय गं माझ्या जिवावर?"

मी माझ्यातली अर्धी भाकरी दिली. तिने घेतली.

आणि मला क्षणभर बरं वाटलं. तिचे डोळे भरले तेव्हा. हे इथेच लिहिते.

३१ ऑगस्ट

झोप नाही. सकाळीच भिवराबाईंच्या वस्तीवर गेले. धम्मदीपचं बोलणं सगळं सांगितलं. ती पोरींना देत नाही, हेही.

"मंग त्या दिशी का बोलला न्हाईत?"

"जळत होते मी तिच्यावर."

भिवराबाई कोकराला दूध पाजत होत्या. हात थांबला.

"मी अडाणी. तुमी तर मास्तरीण!" मग म्हणाल्या, "धाडते पोरीला. बाकीच्या तिघींच्या घरी बी सांगते. पण कोचबाईला हे मीच सांगणार. तुमच्यानं व्हायचं न्हाई."

विजयमाला दारातच उभी होती. ऐकत.

१ सप्टेंबर

नऊच्या नऊ मुली मैदानावर. भिवराबाईही. धम्मशीलाशी बराच वेळ बोलल्या. मी वर्गाच्या खिडकीतून पाहिलं. धम्मशीलाने एकदाच वर बघितलं.

स्टाफरूममध्ये ती डबा घेऊन दुसऱ्या टेबलावर बसली.

६ सप्टेंबर, परभणी

विजयमालाची निवड झाली! मुलींनी धम्मशीलाला उचलूनच घेतलं. मी टाळ्या वाजवल्या — खऱ्या.

पंचांनी माझ्याकडे बघून तिला विचारलं, "आणि या बाई?"

"आमच्या शाळेत मराठी शिकवतात," ती म्हणाली, आणि पोरींना पाणी द्यायला गेली.