पाण्यावर उतरणारं विमान

९ नोव्हेंबर १९९७
आज पुन्हा तेच! आईनं कुंकवाची डबी आणायला सांगितली. म्हटलं, "बावन्न वर्षं झाली, आता तरी—" तिनं तांब्या आपटला. "ते विमान पाण्यावर तरंगायचं. बुडेल कसं? आधी विमान सापडू दे, मग बघू कुंकवाचं!"
लढाईत इथल्या, नाशिकजवळच्या धरणावर लष्कराची पाण्यावर उतरणारी विमानं यायची. अण्णा, माझे वडील, तिथे डागडुजीला. एका विमानातून त्यांना नेलं, ते आलेच नाहीत. मी पाळण्यात होते. कागदावर 'बेपत्ता'. शाळा सांभाळून मी त्या विमानाच्या हात धुऊन मागे लागलेय.

२३ नोव्हेंबर
पेठच्या बाजारात नागली विकणारी अंबूबाई भेटली, सुरगाण्याकडची. विमान म्हणताच हसली. "आमच्या डोंगरात पडलेलं हाय की! घरोघर त्याचा पत्रा हाय."
तिच्याकडून वाट विचारून घेतली. आईला सांगितलं नाही.

३० नोव्हेंबर
जीपनं हाडं खिळखिळी केली. डोंगरावर विमान कुठलं! गवतात एक इंजिन, बाकी सगळं लोकांनी कापून नेलेलं. जयराम नावाच्या माणसानं घरी नेलं. माझ्याहून थोडा लहान. त्याची आई, चांगुणा, चुलीशी. धान्याच्या कणगीवर विमानाच्या पत्र्याचं झाकण. त्यावर टिंबाटिंबांनी ठोकलेलं नाव— चांगुणा.
आणि नावापुढे एक पान! डावीकडे झुकलेलं!
लढाईआधी अण्णा भांडीबाजारात भांड्यांवर नावं घालायचे. आमच्या हंड्यावर आईचं नाव 'सावित्री', पुढे हेच पान. ही त्यांची खूण, दुसरं कोणी काढत नसे.
"कुणी घातलं नाव?"
"माझ्या बानं," जयराम म्हणाला. "विमानातून तेवढाच वाचला. पाय मोडलेला. आमच्या लोकांनीच सांभाळला, मग इथलाच झाला."
"कुठे आहेत?"
"शिमग्यात गेला, ताई. नाशिकचं नाव काढलं का उठून जायचा."
मला रडू आवरेना. चांगुणा माझ्याकडे बघत राहिली. मग हळूच, "तुझी आय हाय का गं?" मी सगळं सांगितलं. पत्ताही दिला— का, कोण जाणे.

१ डिसेंबर
संताप होतोय नुसता! एका एसटीच्या अंतरावर होता माणूस! यायचं नव्हतं, म्हणून आला नाही. शिमग्यापर्यंत जिवंत होता! हे आईला कुठल्या तोंडानं सांगू? न सांगावं, तर रोज सकाळी ती आरशासमोर बसते, ते बघवत नाही.

५ डिसेंबर
नाही सांगितलं. भित्री आहे मी.

७ डिसेंबर
दारात जयराम आणि चांगुणा! फडक्यात ते झाकण. मी तोंड उघडायच्या आत आई पुढे झाली. पानावरून बोट फिरवलं. चांगुणाच्या मोकळ्या कपाळाकडे बघितलं. मग पदरानं स्वतःचं कुंकू पुसलं.
"सापडलं विमान," मला म्हणाली. "चहा ठेव. हिला आत घे."