गोठ्याचा उतार

आई, तुमच्या गोठ्यात आता म्हशी नाहीत, रंधा चालतो. वैरण रचायची त्या भिंतीला सागाच्या फळ्या उभ्या आहेत, आणि गव्हाणीत भुसा पडतो तो लाकडाचा. तुम्हाला जाऊन वीसेक वर्षं झाली. तुम्ही पाहिलेली सून आता साठीची, शाळेतून निवृत्त झालेली बाई आहे, आणि सकाळचा स्वयंपाक उरकला की ती मागच्या दाराने गोठ्यात जाते आणि सुतारकाम करते. तोंडाला पदर लावून तुम्ही कशा हसला असतात, ते लिहितानाही दिसतंय मला.

तुम्हाला तसं नवल वाटायला नको. लग्नानंतरच्या पहिल्या चैत्रात तुम्ही मला विवळवेढ्याच्या जत्रेला घेऊन गेलात. देवीचं दर्शन झाल्यावर बांगड्यांच्या दुकानापुढे उभं करून म्हणालात, "घे तुला काय हवं ते." मी डहाणूच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेली, सासरी येऊन दोन महिनेही झाले नव्हते, तुमच्याशी बोलायचीच भीती वाटायची. तरी शेजारच्या लोखंडी सामानवाल्याकडे बोट दाखवून म्हटलं, "ती करवत." तुम्ही करवतीकडे पाहिलंत, माझ्याकडे पाहिलंत. "कोणाला कापायचंय?" असं विचारलंत आणि मग इतक्या हसलात की दुकानदारही हसायला लागला. घेऊन दिलीत. शिवाय घरी येईपर्यंत जीपमधल्या प्रत्येकाला सांगत होतात, "सगळ्यांच्या सुना बांगड्या मागतात, माझीने करवत मागितली." त्यात तक्रार नव्हती, चक्क मिरवणं होतं, हे मला चारोटी नाक्यापर्यंत कळून चुकलं होतं. त्या करवतीने मी पुढे शाळेत कार्यानुभवाच्या तासाला मुलांकडून किती पाट आणि पेनस्टँड करून घेतले असतील! पण स्वतःसाठी, निवांत, असं काही कधी केलं नाही.

निवृत्त झाले तेव्हा तुमचे चिरंजीव गोठा पाडायला निघाले होते. तिथे त्यांना गाडीसाठी शेड हवी होती. मी म्हटलं, मला ती जागा द्या. ते पेपरातून मान वर न करता म्हणाले, "दिवाळीपर्यंत एक तरी धड वस्तू करून दाखव. नाहीतर पाडतो."

"धड म्हणजे कशी?"

"मी बसलो तर मोडणार नाही अशी."

मग काय, कंबर कसली. मोडक्या सायकली, गळक्या बादल्या, खताची रिकामी पोती, सगळं बाहेर काढलं. वाळवी लागलेला वासा बदलून घेतला, घरातून वायर ओढून दिवा आणि ड्रिलसाठी प्लग घेतला. आता फोनवर रंधा धरायचा कसा इथपासून सगळं बघायला मिळतं. लाकडासाठी तलासरीच्या वखारीत गेले, तर शेटजी म्हणाले, "मिस्त्रीला पाठवा ना बेन, तो माप सांगेल." मी म्हटलं, "मिस्त्री मीच." त्यांनी माझ्या चष्म्याकडे पाहिलं, साडीकडे पाहिलं आणि आत वळून हाक दिली, "अरे, सुकं लाकूड काढ, बेन पोते बनावे छे!" बेन स्वतः बनवते! तुमच्या जत्रेतल्या आवाजासारखाच आवाज होता तो.

कामाचं टेबल आधी केलं. गोठ्यात मधोमध ठेवलं आणि पेन्सिल ठेवली, तर ती घरंगळत खाली. स्क्रू ठेवले, तेही गेले. टेबल पुन्हापुन्हा मोजलं, चारही पाय सारखे. मग लक्षात आलं, टेबल सरळ आहे, जमीन तिरकी आहे. तुमचा उतार! मी नवी असताना एकदा गोठा धुवायला घेतला होता आणि नालीच्या बाजूने सुरुवात करून खराटा वर वर नेत होते. तुम्ही दारात कमरेवर हात ठेवून उभ्या. "अगं पोरी, पाणी डोंगर चढतं का? हा उतार मी गवंड्याच्या डोक्यावर उभं राहून करून घेतलाय. वरून ओत, खाली आपोआप जाईल." रडू आलं होतं मला तेव्हा.

गवंड्याला बोलावलं. तो म्हणाला, "कोबा फोडून लेव्हल करू, दोन दिवसांचं काम." त्याला हो म्हणून मी घरात आले आणि माझंच मन लागेना. पुन्हा गोठ्यात गेले, वरच्या बाजूला बादलीभर पाणी ओतलं. पाणी सरळ, कुठेही न थांबता, नालीत गेलं. इतक्या वर्षांनीही! गवंड्याला फोन करून नको सांगितलं, आणि टेबलाचे वरच्या बाजूचे दोन पाय थोडे कापले. पेन्सिल जागच्या जागी राहिली.

मग बाक केला. दोन माणसं ऐसपैस बसतील असा, सागाचा, पाठ टेकायला फळी असलेला. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात आम्ही दोघांनी तो उचलून पुढच्या ओटीवर आणला. हे चहाचा कप घेऊन ऐटीत बसले, कप शेजारी ठेवला, आणि कप निघाला. हळूहळू सरकत थेट टोकापर्यंत गेला आणि खाली पडला. मागोमाग हेही कलंडले. मी कपाळाला हात लावला. सवयीने बाकाचे पायसुद्धा मी गोठ्यातल्या जमिनीलाच जुळवून कापले होते! वाटलं, संपलं, आता गोठा जाणार.

हे उठले, धोतरावरचा चहा झटकला, बाकाला हलवून पाहिलं. "मोडला नाही," म्हणाले. "पण हा तिथेच शोभेल." पुन्हा दोघांनी उचलून गोठ्यात नेला. तिथे तो कसा अगदी सपाट बसला. हे त्यावर बसले, इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाले, "चहा इकडेच आण."

तेव्हापासून रोज सकाळी ते पेपर घेऊन तिथे बसतात. मी रंधा मारते, ते बातम्या वाचून दाखवतात आणि मधूनच "वाकडं जातंय" म्हणून सांगतात. गाडी चिकूच्या झाडाखाली उभी असते, तिच्यावर पानं पडतात, त्यांना त्याचं काही वाटत नाही. तीस-पस्तीस वर्षांच्या संसारात आम्ही एका खोलीत इतका वेळ कधी बसलो नव्हतो, आई.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून एक गोष्ट तुम्हालाच सांगून टाकते. त्या बाकाचे पाय नीट करणं अर्ध्या तासाचं काम आहे. ते मला येतं, आणि मी ते करणार नाही. बाक सरळ झाला तर हे उद्याच तो ओटीवर नेतील.