पाय न टेकवता आठ

३ तारीख, सकाळी ६.१०
आजपासून मोटरसायकल. काचबिंदूमुळे डोळ्यांच्या डॉक्टरांनी यांचं गाडी चालवणं बंद केलं, आणि तिसऱ्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर लगेच गाडी मागायला आले. यांनी हो म्हणायच्या आत मी म्हणाले, मी शिकते. मी पुढे, तुम्ही मागे. यांनी गाडीची किल्ली खिशात खोल घातली, गहिवरले असावेत. मग म्हणाले, वीस तारखेची लायसन्सची टेस्ट पास हो, नाहीतर गाडी त्यांची.
छत्तीस वर्षं या गाडीवर बसते आहे. फक्त सीट बदलायची.

त्याच दिवशी, ८.००
बँकेमागचं पार्किंग आठपर्यंत रिकामं असतं. यांनी रंगाचे दोन रिकामे डबे ठेवले. त्यांच्याभोवती आठचा आकडा काढायचा, अगदी सावकाश, पाय न टेकवता. टेस्टमध्ये एवढंच असतं. आज गाडी सुरू केली नाही. आधी ओळख व्हायला हवी.
(केली. बंद पडली. अकरा वेळा.)

५ तारीख
डब्याला धडकले. हे म्हणाले, डब्याकडे बघू नकोस, जिकडे जायचं तिकडे बघ. नजर जाते तिकडे गाडी जाते. म्हणजे डबा चुकवायचा, पण त्याच्याकडे बघायचं नाही. नात्यातल्या काही माणसांबाबत मला हे छान जमतं. डब्याची सवय नाही.
यांच्या मते पाय नऊ वेळा टेकला. माझ्या मते चार. बाकी पाच वेळा नुसतं बुटाचं टोक लागलं.

८ तारीख
जमलं. एका झोकात आठ. हे म्हणाले, हा मराठी आठ झाला. खरंच, आपला आठ किती समंजस, एक वळण घेतलं की संपला. परीक्षकांना इंग्रजी आठ लागतो म्हणे, स्वतःच्याच पोटातून जाणारा. वर टोमणा: कॉन्व्हेंटमध्ये शिकलीस आणि इंग्रजी आठ येत नाही?
दिवसभर अबोला. (दुपारच्या चहापर्यंत.)

११ तारीख
शाळेत सिस्टर डोक्यावर अ‍ॅटलास ठेवून वर्गभर चालायला लावायच्या. पाठ ताठ, हनुवटी वर. माझा अ‍ॅटलास कधीच पडला नाही. दोनदा पडला, पण खिडकी उघडी होती. तोल मुळात रक्तातच आहे. आज सहा वेळा पाय. वारा होता.

१३ तारीख
वन्संचा फोन. म्हणाल्या, वहिनी, या वयात लोक गुडघे सांभाळतात. मी म्हणाले, गुडघ्यांनीच टाकी धरायची असते. त्या म्हणाल्या, काय धरायचं ते धरा, पण दादाला मागे बसवू नका, आम्हाला तो एकच आहे. वन्सं जळतात.

१५ तारीख, संध्याकाळ
हे खाली जुन्या बनियनने गाडी पुसत होते. मी जिन्यात थांबले. गाडीला सांगत होते, डॉक्टर बरा माणूस आहे, तुला नीट ठेवेल.
उद्यापासून साडेपाचला उठायचं.

१६ तारीख
सव्वासातला उठले. झोप झाली की तोल सुधारतो.

१८ तारीख
पूर्ण इंग्रजी आठ. हाफ क्लच, मागच्या ब्रेकवर हलका पाय, नजर लांब. पाय एकदाही टेकला नाही. यांना विचारलं, मोजलंत? हे म्हणाले, मोजायला काही नव्हतंच. मग चष्मा पुसत बसले. डाव्या पायाला आता सक्त ताकीद आहे: आकाश कोसळलं तरी खाली यायचं नाही.

२० तारीख, सकाळी ७.००
येताना पुलावरून येऊ. हे मागे. यांनी मला खांद्याला धरायचं, कमरेला नाही, लोक बघतात.

२० तारीख, दुपारी १.३०
डाव्या हाताने लिहीत आहे.
परीक्षक म्हणाले, बाई, सुरू करा. मी तोवर पहिलं वळण घेत होते. इतकी सावकाश चालवली की त्यांना कळलंच नाही. तिथलेही दोन्ही डबे चुकवले. पाय नाही. परीक्षकांनी मान डोलावली, फाटकाबाहेर हे टाळ्या वाजवू लागले. मी परीक्षकांच्या टेबलापाशी येऊन ऐटीत ब्रेक दाबला, थांबले, आणि पाय टेकवला नाही.
सतरा दिवस पायाला एकच गोष्ट शिकवली होती. पाय आज्ञाधारक निघाला. आधी गाडी, मग मी, मग टेबल.
परीक्षक कागद गोळा करता करता म्हणाले, थांबणं हाही टेस्टचाच भाग असतो. फॉर्मवर तसं कुठेही छापलेलं नाही.
मनगट मुरगळलं. नापास.

२१ तारीख
दातांचे डॉक्टर गाडी न्यायला आले. टाकीला केवढा पोचा, हँडल वाकडं. त्यांनी टाकीवर बोटाने ठकठक केलं, वाकून आत पाहिलं आणि म्हणाले, काका, ही आता ठेवण्यासारखी नाही. मग पेशंट थांबलेत म्हणून वर निघून गेले.
गाडी राहिली. आता ती कोणालाच चालवता येणार नाही, हे वेगळं.
जेवताना यांनी हळूच विचारलं, मुद्दाम पाडलीस ना?
मी यांच्या ताटात आणखी एक पोळी वाढली. माणसाने आपल्या त्यागाबद्दल फार बोलू नये.