सत्तेचाळीसची सोंगटी

९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

वॉर्डातला गुरुवारचा हौजीचा खेळ अजून मीच चालवतो. पिशवीत हात घालायचा, सोंगटी काढायची, आकडा पुकारायचा. पण ताई, वर्षभर मी लबाडी केली गं. डॉक्टरांच्या यादीत ज्याच्या नावापुढे लाल खूण, म्हणजे ज्याचे थोडेच दिवस उरलेत, त्याच्या तिकिटावरचे आकडे पुकारायचो. जाता जाता एकदा तरी जिंकू दे बिचाऱ्याला, एवढंच मनात होतं.

आणि पेशंटांनी ते ओळखलं, जो जिंकतो त्याचे दिवस भरले म्हणून! गेल्या गुरुवारी शिंपीकाकांचं तिकीट पुरं झालं, पण त्यांनी तोंड उघडलं नाही. तिकीट उशीखाली सरकवलं आणि माझ्याकडे बघत बसले. शनिवारी गेले. करायला गेलो एक आणि झालं भलतंच. आता शपथ घेतलीय, हाताला येईल तोच आकडा पुकारायचा.

तुझा घसा कसा आहे? दाखवायची टाळाटाळ करू नकोस.

तुझ्या मायेवरच चाललंय,
बाब्या

१३ मार्च

चि. बाब्यास,
अनेक आशीर्वाद.

शहाणाच आहेस! लपंडावात राज्य आलं की बोटांच्या फटीतून बघायचास, तीच खोड. पण शिंपीकाकांचं वाचून घास उतरला नाही.

घशातली गाठ वाईट निघाली. सोमवारी तुझ्याच वॉर्डात येतेय. इथे कुणी धड बोलत नाही, तुझे भावजी तर तोंड चुकवतात. तू तरी खरं सांग. आई गेली तेव्हा तुला मीच सांगितलं होतं, आठव.

येतेच आहे, जेवत जा वेळेवर,
ताई

३ एप्रिल

चि. बाब्यास,
अनेक आशीर्वाद.

नळी घातल्यापासून आवाज नाही, म्हणून ही चिठ्ठी. तीन गुरुवार मी तेच कोपरा फाटलेलं तिकीट घेतेय आणि तिन्ही वेळा सत्तेचाळीस आलाच नाही. काल खेळ संपल्यावर सोंगट्या पिशवीत भरायला लागले, तेव्हा मोजल्या. नव्वदाच्या एकोणनव्वद. वेड्या, खिशात घालून फिरतोस होय रे?

माझ्या नावापुढे लाल खूण झाली ना? रागावले नाही. भीती मात्र वाटते, खूप वाटते. पण मला शिंपीकाकांसारखं तिकीट लपवून जायचं नाही. येत्या गुरुवारी सत्तेचाळीस पुकार, माझ्याकडे बघून. ओरडता येणार नाही, ताटली बडवीन.

लोभ होताच, तो आता तू सांभाळ,
ताई