टाचांचं मलम

३ मार्च, सोमवार
खाज. कारण सापडलं: गाडीचं सीट. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीला रेक्झिनचं कव्हर, त्यावर शिकाऊ लोकांशेजारी दिवसभर घामाघूम. नेमकी जागा लिहिण्यासारखी नाही. रोजनिशी माझीच, तरी नाही. उद्या सुती कव्हर. विषय संपला.
ही आजपासून बाहेरच्या खोलीत झोपणार. माझं घोरणं म्हणे.

५ मार्च
सुती कव्हर घातलं. खाज आहे तिथेच. म्हणजे साबण. अँटिसेप्टिक आणला, दिवसातून चारदा. झोंबतो, पण झोंबतो म्हणजे लागू पडतोय.
आरशाखालच्या माझ्या फळीवर हिने मलम ठेवलंय. खोकं नाही, नुसती निळ्या टोपणाची ट्यूब. अक्षरं इतकी बारीक की चष्म्यानेही हात टेकले. विचारलं तर म्हणाली, सकाळ-संध्याकाळ लावा, आणि तडक स्वयंपाकघरात गेली. टाचांच्या भेगांची माझी कुरकुर चालूच होती. लक्ष असतं हो हिचं. बरं वाटलं.

९ मार्च, रविवार
टाचा फर्स्ट क्लास. खाज वाढली. लाल झालंय, वर पांढरट थर. साबण बहुतेक डुप्लिकेट.
ही पुन्हा बायकांच्या डॉक्टरकडे जाऊन आली. काय झालं विचारलं, तर माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, तुम्हीच सांगा. आता मी काय सांगणार, मी काय डॉक्टर आहे? घोरणं थांबवायला नाकावर चिकटवायची पट्टी आणली. दोन-चार दिवसांत येईल परत.

१४ मार्च
बँकेतल्या बाई रिव्हर्स शिकत होत्या. खाज अशी उसळली की पाय माझ्याकडच्या ब्रेकवर पडला. गाडी जागच्या जागी थांबली, मागून हॉर्न. बाईंनी विचारलं, माझं काय चुकलं? सांगितलं, आरसा बघितला नाहीत. त्यांनी बघितला होता.
डॉक्टरकडे जावं का? छे. गेलं की आधी शुगर काढतील. डायबेटिस आहे, पण एकदम कंट्रोलमध्ये. गोळी आठवली की घेतोच.

१८ मार्च
ठरलं, जायचं. आधी तयारी: दोन दिवस बिस्किटं बंद, रात्री नुसतं सूप. शुगर बघून डॉक्टर चाट पडतील. मग जाता जाता सहज त्या दुसऱ्या गोष्टीचं विचारायचं. एका मित्राला आहे म्हणून.
ट्यूब संपली. हिने ती फळीवरून उचलली, उलटसुलट करून बघितली. विचारलं, सगळी लावली? म्हटलं, नियमाने. फरक? म्हटलं, एकदम बरा झालोय! ही कपाटातले आपले कपडेही बाहेरच्या खोलीत घेऊन गेली. पट्टी कुचकामी निघाली. मोठ्या साइजची आणतो.

२१ मार्च
बोट टोचून काढलेली शुगर बरी आली. मी खुशीत. मग डॉक्टरांनी तीन महिन्यांची सरासरी सांगणारी टेस्ट केली. तिथे दोन दिवसांचं सूप चालत नाही. मित्राचं सांगितलं. म्हणाले, मित्राला पडद्यामागे झोपायला सांगा.
झोपलो.
बुरशी आहे. शुगर वाढली की पुरुषांनाही होते. साबण बंद, नुसतं पाणी, जागा कोरडी ठेवायची, गोळ्या रोज, मलम दोन आठवडे. बायकोलाही त्रास असेल तर दोघांनी एकदमच उपचार घ्या म्हणाले, नाहीतर एकमेकांना देत बसाल.
औषधाच्या दुकानात चिठ्ठी दिली. समोर निळ्या टोपणाची ट्यूब आली. म्हटलं, हे नको, हे टाचांचं. दुकानदाराने चिठ्ठी पुन्हा वाचली. म्हणाला, हेच आहे.
दुकानाबाहेर बराच वेळ उभा राहिलो.

२२ मार्च
हिला सांगितलं. सगळं. ही खुर्चीत बसली. म्हणाली, डॉक्टरीणबाईंनी दोघांसाठी दिलं होतं. मला दुसऱ्यांदा झालं तेव्हाच शंका आली होती. तुमची ट्यूब संपली, तुम्ही बरे झालात, आणि माझं मात्र जाईना. मला वाटलं, बाहेर कुठेतरी तुम्ही...
एवढ्या वर्षांत पहिल्यांदा घाबरलो. मोजे काढले. टाचा दाखवल्या. दुसरा पुरावा काय देणार? हिने हात लावून बघितला. म्हणाली, मऊ झाल्यात खऱ्या. हसली असं वाटलं, पण डोळे पुसत होती. म्हणाली, एका घरात राहून एवढंसुद्धा बोलता येऊ नये आपल्याला.
म्हटलं, ये ना आत. म्हणाली, बघू. म्हटलं, नवी पट्टी आणलीय, मोठी, आता घोरणार नाही.
म्हणाली, तुम्ही कधीच घोरत नव्हता.

२३ मार्च
मलम लावलं. जागेवर.
पट्टी काढली. नाकाची थोडी कातडी निघाली.